साडेसातचं गेट

कॅम्पर, म्हणजे चाकांवरचं घर, घ्यायचा ठरला तेव्हा मुलाने एकच प्रश्न विचारला, "आई, ब्लॅक टँक कोण रिकामा करणार?" मी म्हटलं, तुझे बाबा. बाबा म्हणाले, तुझी आई. संडासाचं पाणी ज्या टाकीत साठतं तिला इथे ब्लॅक टँक म्हणतात आणि चार-पाच दिवसांनी तिचा जाड नळ स्वतःच्या हाताने डम्प स्टेशनच्या भोकात जोडावा लागतो. प्रत्यक्षात डेन्व्हरपासून पुढे हे काम भडंगने केलं. तो या प्रवासात असणार हे तेव्हा ना आम्हाला ठाऊक होतं, ना त्याला.

कॅम्पर चोवीस फुटी, दुसऱ्याने वापरलेला. ड्रायव्हरच्या डोक्यावर माळा, मागे पलंग, मध्ये समोरासमोर दोन बाकं आणि त्यांच्यात एक टेबल. टेबल खाली पाडून त्यावर बाकांच्या गाद्या सरकवल्या की तिसरा बिछाना तयार. दोन बर्नरची शेगडी, पाण्याची टाकी, एक जनरेटर. गॅलनला नऊ-दहा मैल देतो, तेही वारा पाठीशी असेल तर. आम्ही मिशिगनमध्ये राहतो, वसंतात मी निवृत्त झाले आणि सप्टेंबर २०२४ मध्ये आम्ही दोघं पश्चिमेकडे निघालो. बासष्ट पूर्ण झाली की इथल्या नागरिकांना ८० डॉलरमध्ये सगळ्या राष्ट्रीय उद्यानांचा तहहयात पास मिळतो. म्हातारपणाचा मला आजवर मिळालेला हा एकमेव निखळ फायदा.

उद्यानं हे निमित्त होतं. खरं कारण तीन पत्ते होते: डेन्व्हरजवळ भडंग, नेवाडात कोयना आणि कॅलिफोर्नियात माझी हॉस्टेलमधली रूममेट. सगळे सांगलीचे, म्हणजे सांगलीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातले, १९७९ ची बॅच. नवरा मुंबईचा. सांगली त्याने लग्नाच्या आधी नकाशातही पाहिली नव्हती. त्यामुळे तो या प्रवासात ड्रायव्हर, प्रेक्षक आणि क्वचित पंच.

नेब्रास्काबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. दिवसभर मका, संध्याकाळी मका. रस्त्याच्या कडेने प्लॅट नदी सोबत करत राहते. १८४० नंतर छप्पर घातलेल्या गाड्या घेऊन लोक हिच्याच काठाने पश्चिमेला गेले. गाड्यांना बहुतेक वेळा बैलच असत आणि गाडीत सामान इतकं की माणसं बाजूने चालत. दिवसाला पंधरा मैल म्हणजे उत्तम मजल. इथली संग्रहालयं या गाड्या फार भक्तिभावाने मांडतात. मला आपल्या बाजाराच्या दिवसाची आठवण येते, आणि बैलांच्या गळ्यात घुंगरं का नाहीत असा प्रश्न पडतो.

आता भडंग हे काही त्याचं नाव नव्हे. तो सुट्टीहून परतताना घरून गोणपाटाच्या पिशवीत डबा भरून भडंग आणायचा, म्हणून भडंग. कोयना हा कोयनेच्या खोऱ्यातून आला होता म्हणून कोयना. या टोपणनावांचा उगम मला तेव्हा माहीत नव्हता. साठ मुलांच्या वर्गात आम्ही चार मुली. मुलं आम्हाला आडनावाने हाक मारत आणि 'तुम्ही' म्हणत. "तुमची जर्नल बघायला मिळेल का?" इतकीच भाषा. चार वर्षांत भडंग माझ्याशी एकूण पंचवीस वाक्यं बोलला असेल आणि त्यातली वीस जर्नलबद्दल. मुलींच्या हॉस्टेलचं गेट संध्याकाळी साडेसातला लागायचं. रेक्टरबाई किल्ल्यांचा जुडगा घेऊन पायरीवर उभ्या असायच्या. लायब्ररीची अभ्यासिका रात्री अकरापर्यंत उघडी असे, पण ती मुलांसाठी. आमच्यासाठी ती सव्वासातला बंद होत असे, दिवे चालू असूनही.

आमची मैत्री झाली ती चाळीस वर्षांनी, व्हॉट्सॅपवर. कुणीतरी बॅचचा ग्रुप काढला, आणि ज्यांनी कधी मान वर करून पाहिलं नव्हतं ते 'काय गं, कशी आहेस' म्हणू लागले. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते कळलंच नाही. आता सगळे एकमेकांची ओळख 'जुना मित्र', 'जुनी मैत्रीण' अशी करून देतो. मला ते थोडं खटकतं. नवे मित्र व्हायचं आमचं राहूनच गेलं. आम्ही एकदम जुनेच झालो.

भडंगच्या घरासमोर कॅम्पर लावला तेव्हा तो दारात एकटाच उभा होता. बायको आईच्या आजारपणासाठी दोन महिने मिरजेला गेली होती. घर मोठं, स्वयंपाकघर लख्ख, फ्रिजमध्ये दही आणि अर्धं कलिंगड. त्याने आमच्यासाठी पाहुण्यांची खोली लावून ठेवली होती. आम्ही म्हटलं, आमचा बिछाना दारात उभा आहे, आम्ही तिथेच झोपतो. तो जरा हिरमुसला. आपल्याकडे पाहुण्याने गादी घ्यायची असते, नाही म्हणायचं नसतं. पण रात्री दहा वाजता कॅम्परच्या दारावर टकटक झाली. हा बाहेर उभा, पायात स्लीपर, हातात तीन कप चहा. "घरात टीव्हीचा आवाज केल्याशिवाय बसवत नाही," म्हणाला आणि आत येऊन बाकावर मांडी घालून बसला. दुसऱ्या रात्रीही तेच. तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघायची तयारी करत होतो तर म्हणाला, "कोयनाकडे चाललाय ना? मग मीही येतो. विमानाने परत येईन."

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी टेबल खाली पाडून दाखवलं.

डेन्व्हरहून पश्चिमेला आंतरराज्य महामार्ग ७० डोंगर चढत जातो आणि आयझेनहॉवर बोगद्यात शिरतो. बोगदा ११,००० फुटांहून अधिक उंचीवर आहे. तो १९७३ मध्ये सुरू झाला. त्याआधी लव्हलंड खिंडीतून वळणावळणाने जावं लागे. बोगद्यापलीकडे चाक माझ्या हातात होतं. उतार सुरू होतो आणि त्याबरोबर दोन पुरुषांचे सल्लेही. ब्रेकवर पाय ठेवू नको, खालचा गिअर टाक, तो ट्रक जाऊ दे. मी सत्तावीस वर्षं मोटारींच्या वायरिंगमध्ये घालवली आहेत, त्या दोघांनी सॉफ्टवेअरमध्ये. उतरणीवर मात्र दोघेही ड्रायव्हर.

लेडव्हिलजवळ एका तळ्याकाठी मुक्काम केला. गावाची उंची १०,१५० फुटांच्या आसपास. ॲस्पनची झाडं पिवळीजर्द झाली होती आणि वाऱ्याची झुळूकही नसताना त्यांची पानं थरथरत होती, थेट पिंपळासारखी. दुकानातून आणलेल्या वेफर्सच्या पिशव्या फुगून फुटायच्या बेतात आलेल्या. मी कुकर लावला. नेहमीच्या तीन शिट्ट्या झाल्या, झाकण उघडलं तर तूरडाळ तशीच, दातांना लागणारी. त्या उंचीवर उघड्या भांड्यात पाणी नव्वद अंशांच्या आसपासच उकळतं. कुकरची शिट्टी हवेच्या दाबावर ठरावीक दाब चढवते, पण मुळात हवेचाच दाब कमी, म्हणून कुकरमध्येही ताप कमी पडतो. हे गणित दोन इलेक्ट्रिकल इंजिनिअरांनी एका पेपर नॅपकिनवर मांडलं, बरोबर आलं, आणि तोवर नवऱ्याने आणखी चार शिट्ट्या काढून वरण करूनही टाकलं. थंडी इतकी की तिघेही कानटोप्या घालून जेवलो. मग भडंगने बॅगेतून एक पुडी काढली. लसणाचा वास कॅम्परभर पसरला. सांगलीहून कुणाबरोबर तरी मागवलेलं भडंग, त्यावर कच्चा कांदा.

"तुझ्या एका शीटवर तेलाचा डाग पडला होता," तो म्हणाला. "आठवतंय?"

आठवत नसणार कसं! पहिल्या वर्षी इंजिनिअरिंग ड्रॉइंगची शीट मी 'बघायला' दिली होती. परत आली ती कोपऱ्यात पिवळा पारदर्शक डाग घेऊन. सरांनी मार्क कापले, वर वर्गासमोर म्हणाले, मुलींनी तरी स्वच्छता ठेवावी. एवढी वर्षं तो डाग कुणाचा हे मला माहीत नव्हतं.

"आम्ही अकरा जणांनी त्यावरून जीटी मारली," भडंग म्हणाला. जीटी म्हणजे ग्लास ट्रेसिंग. काच आडवी धरायची, खाली बल्ब लावायचा, मूळ शीटवर कोरी शीट ठेवून गिरवायची. महाराष्ट्रातल्या इंजिनिअरांच्या कित्येक पिढ्या या काचेवर पास झाल्या. "रात्री दोनला काचेवर भडंगाची पुडी फुटली. कोयना म्हणाला, टाल्कम पावडर लाव. पावडरने डाग आणखी पसरला."

मी कानटोपी काढून त्याला मारली. पुढे डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो आम्ही. मग मला वाटलं, ती खोली कशी असेल? बल्ब, काच, अकरा मुलं. मी चार वर्षं त्या इमारतीच्या दोनशे पावलांवर राहिले आणि त्यातली एकही खोली पाहिली नाही. मी विचारलं तसं भडंगने कॅम्परभर नजर फिरवली आणि म्हणाला, "साधारण एवढीच. फक्त इथला वास चांगला आहे."

मोआबला दोन दिवस राहिलो. लाल खडकांच्या कमानी पाहिल्या, फोटो काढले, ते सगळ्यांकडे असतात तसेच आले. तिथून नवाहो या मूळनिवासी लोकांच्या प्रदेशातून पेज गावाकडे जाताना फोनमधली घड्याळं वेडी झाली. ॲरिझोना उन्हाळी वेळ पाळत नाही, म्हणजे उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करत नाही, नवाहो राष्ट्र पाळतं, आणि त्याच्या पोटात असलेला होपींचा प्रदेश पुन्हा पाळत नाही. भडंगच्या बायकोचा मिरजेहून फोन आला, "तुमच्याकडे किती वाजले?" तो म्हणाला, "कुणाला विचारतेस त्यावर आहे."

कोयनाचं घर हेंडरसनला, लास वेगासच्या दक्षिणेला. घर त्याचं असलं तरी नियम सोसायटीचे. कॅम्पर दारात उभा करून तासही झाला नसेल, तोच शेजारचे गृहस्थ अतिशय हसतमुखाने येऊन सांगून गेले की मनोरंजन-वाहन रात्री ड्राइव्हवेत ठेवता येत नाही. कोयना ओशाळला. त्याची बायको तर रडवेली झाली, पुरणपोळ्यांचा घाट घातला होता बिचारीने. शेवटी पोळ्या, कटाची आमटी, तुपाची बरणी असं सगळं डब्यांत भरून आम्ही पाचही जण लेक मीडच्या काठावरच्या सरकारी कॅम्पग्राउंडवर गेलो. तिथे कण्हेरीची झुडपं होती, गुलाबी फुलांची. वाळवंटात कण्हेर पाहून कोयनाची बायको पहिल्यांदा हसली. नऊच्या सुमारास ती मोटार घेऊन घरी परतली. तो मात्र थांबला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने आम्हाला धरण दाखवलं नाही. हूवर धरण ७२६ फूट उंच, १९३५ साली राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टनी लोकार्पण केलेलं. जगभरचे सिव्हिल इंजिनिअर ते पाहायला येतात. कोयना स्वतः सिव्हिल. पण तो म्हणाला, "धरण सगळेच बघतात. मी तुम्हाला गाव दाखवतो."

सेंट थॉमस हे गाव लेक मीडच्या, म्हणजे या धरणाच्याच तलावाच्या, उत्तर टोकाला आहे. कच्च्या रस्त्याने जावं लागतं, कॅम्परचा प्रत्येक डबा वाजत होता. १८६५ मध्ये मॉर्मन पंथाच्या लोकांनी हे गाव वसवलं. काही वर्षांनी हद्दीची मोजणी झाली आणि कळलं की आपण युटात नसून नेवाडात आहोत. नेवाडाने मागचा कर मागितला आणि बहुतेक जण गाव सोडून गेले. नंतर दुसरे आले, गाव पुन्हा उभं राहिलं, शाळा झाली, आइस्क्रीमचं दुकान झालं. मग धरण झालं. पाणी चढत आलं आणि १९३८ मध्ये शेवटचा रहिवासी होडीत बसून निघून गेला. तलाव भरला की गाव साठेक फूट पाण्याखाली असतं. गेल्या वीस-पंचवीस वर्षांच्या दुष्काळात कोलोरॅडो नदी आटत गेली आणि गाव वर आलं. २०२२ च्या जुलैमध्ये तर तलावाची पातळी तो पहिल्यांदा भरला तेव्हापासूनची सर्वांत खालची होती. कड्यांवर पाण्याची जुनी रेघ पांढरी दिसते, बादलीच्या आत क्षारांची दिसते तशी.

आम्ही त्या गावातून चाललो. गाव म्हणजे जोती. कुठे चार पायऱ्या, वर काही नाही. पाण्याच्या टाक्यांचे खड्डे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ओळीने झाडांचे वठलेले बुंधे, म्हणजे इथे सावली होती. शिंपले पायाखाली करकरत होते. कोयना एका जोत्यावर उभा राहिला आणि म्हणाला, "हे मी सातव्यांदा बघतोय."

मग त्याने सांगितलं. त्याचं मूळ गाव शिवसागरात आहे, कोयना धरणाच्या पाण्याखाली. त्याच्या जन्माच्या सुमारास पाणी चढू लागलं आणि घरचे लोक त्याला कापडात गुंडाळून निघाले. नव्या जागी घर बांधलं. तो सहा वर्षांचा असताना, ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे, भूकंपात ते नवं घरही पडलं. कित्येक महिने शेतात गवताच्या खोपीत झोपल्याचं त्याला आठवतं, आणि जमिनीतून येणारा गडगडाट. धरणात पाणी साठल्याने भूकंप होतात का, हा प्रश्न शास्त्रज्ञांनी आधी इथेच, या लेक मीडच्या काठी विचारला होता. १९३५ नंतर तलाव भरू लागला तसे इथे धक्के बसू लागले होते. कोयनेचा भूकंप मग त्या विषयाच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात गेला. "मी एम.एस. करताना पुस्तक उघडलं," तो म्हणाला, "आणि त्यात आमचं घर पडलेलं."

"वडील मला काठावर नेऊन दाखवायचे. ते तिथं, त्या वळणाच्या खाली, आपलं अंगण. मी बघायचो. पाणीच दिसायचं. या लोकांना त्यांचं गाव परत दिसलं, कारण दुष्काळ पडला. मला माझं बघायचं असेल तर कोयना आटायला हवी. कोयना आटली तर अर्ध्या महाराष्ट्राचे दिवे जातील आणि कृष्णाकाठ वाळेल. मागायचं तरी काय आणि कुणाकडे?"

भडंगने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "हॉस्टेलात लाइट गेली की आम्ही ओरडायचो, कोयना, बटण दाब!" मला क्षणभर वाटलं, ही काय वेळ आहे का रे. पण कोयना हसला, अगदी मनापासून. मी त्या दोघांकडे पाहत राहिले. असं बोलायचा हक्क एका खोलीत चार वर्षं काढल्याशिवाय मिळत नाही, आणि तो माझ्याकडे नव्हता.

त्या रात्री दहाला जनरेटर बंद केले. नियमच आहे तो. एसी गेला, ऑक्टोबर असूनही उकाडा, म्हणून दार उघडं टाकलं. नवरा माळ्यावर जाऊन घोरू लागला. आम्ही तिघं बाकांवर, टेबलावर थंड पुरणपोळ्या. बोलता बोलता विषय शेवटच्या वर्षावर आला. १९८३ मध्ये पुण्याच्या एका कंपनीने कॅम्पस इंटरव्ह्यू घेतले होते. नोटीस बोर्डावर कागद लागला, खाली एक ओळ होती: फक्त मुलांसाठी. माझे मार्क वर्गात दुसरे होते. भडंग नववा की दहावा. नोकरी त्याला मिळाली. मी पॉलिटेक्निकमध्ये शिकवायला लागले, मग लग्न, मग मिशिगन. हे मी कुणालाच कधी बोलून दाखवलं नव्हतं, नवऱ्यालाही नीटसं नाही.

"ती ओळ तुम्ही वाचली होती का?" मी विचारलं. 'तुम्ही' म्हटलं ते दोघांना उद्देशून होतं, पण कानाला जुन्या 'तुम्ही'सारखं लागलं.

भडंगने बराच वेळ उत्तर दिलं नाही. "वाचली होती," तो म्हणाला. "तू मागे उभी होतीस, तेही कळलं होतं."

"मग?"

"मग काय. टाय कुणाचा मागायचा याचा विचार करत होतो. हॉस्टेलात एकच टाय होता. त्या दिवशी तो अकरा जणांनी घातला, एक बाहेर आला की दुसऱ्याच्या गळ्यात."

मला हसू आलं आणि रागही आला. दोन्ही एकदम येतात तेव्हा चेहऱ्याचं काय करायचं ते कळत नाही. रागाला एक्केचाळीस वर्षं उशीर झाला होता, पण आला तो ताजाच. मी उठून बाहेर जाऊन कण्हेरीपाशी उभी राहिले. आतून दोघांचा आवाज येत नव्हता. मग भडंग दारात आला आणि म्हणाला, "चुकलं. तेव्हा कळलंच नाही की काही बोलायला हवं." एवढंच. सफाई दिली नाही, त्या काळावर ढकललं नाही. मी आत गेले. दीड वाजेपर्यंत बसलो. त्यांनी मला सांगितलं की मुलांच्या हॉस्टेलात मेसच्या आमटीला 'कृष्णामाई' म्हणत. मी सांगितलं की साडेसातनंतर आम्ही चौघी गच्चीवर जाऊन अभ्यासिकेचे दिवे मोजायचो आणि कुठल्या खिडकीत कोण असेल याच्यावर पैजा लावायचो. "पैजेत काय असायचं?" कोयनाने विचारलं. मी सांगितलं नाही. सगळंच काही एका रात्रीत सांगायचं नसतं.

सकाळी भडंगने शेवटचा ब्लॅक टँक रिकामा केला. आधी काळा, मग करडा, म्हणजे भांड्यांच्या साबणाच्या पाण्याने नळ आपोआप धुतला जातो. कंपनीतून व्हाइस प्रेसिडेंट म्हणून निवृत्त झालेला माणूस हातमोजे घालून हे तत्त्व माझ्या नवऱ्याला समजावत होता. दुपारी त्याला विमानतळावर सोडलं.

कॅलिफोर्नियातलं फारसं नाही. तेहाचापीच्या पवनचक्क्या, मग बदामाच्या बागा, मग फ्रीमाँटची रहदारी. रूममेटच्या गल्लीत कॅम्पर वळेना, शेवटी चौकात एका मैदानाशेजारी लावला. दुपारचं जेवण उत्तम होतं आणि गप्पा अगदीच बेचव. नातवंडं, गुडघे, कुणाची मुलं कुठे. ज्या मुलीबरोबर मी चार वर्षं एकाच कपाटात साड्या ठेवल्या, तिच्याशी बोलायला विषय शोधावे लागत होते. आमचं काही बिनसलेलं नव्हतं. उलट, आमच्यात कधी काही राहिलंच नव्हतं असं वाटत होतं.

निघताना ती रीत म्हणून कॅम्परपर्यंत सोडायला आली. आत डोकावली, बाकावर टेकली, पडदा हातात धरून पाहिला. मी म्हटलं, या बाकावर परवा भडंग आणि कोयना रात्री दीड वाजेपर्यंत बसले होते. तिने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी एकोणीस वर्षांची आहे.

"दीड?" ती म्हणाली. मग हुबेहूब रेक्टरबाईंच्या आवाजात, हनुवटी वर करून, "साडेसात वाजून गेले आहेत. गेट लागलेलं आहे."

बाहेर नवरा किल्ली हातात घेऊन उभा होता. तिने हात लांब करून कॅम्परचं दार आतून ओढलं, कडी लावली आणि पाय वर घेऊन बसली.

"सांग आता," म्हणाली.